दोन विहिणी, तीन हॉटेलं आणि एक डबा

फ्लोरिडाला जाऊन आले म्हटलं की आमच्या सांगलीतल्या मैत्रिणी विचारतात, काय काय पाहिलंस? मी म्हणते, हॉटेलं. त्यांना वाटतं मी थट्टा करते. पण एकाच गावात, एकाच थीम पार्कच्या आवारात राहून आम्ही तीन हॉटेलं बदलली, आणि आजही डोळे मिटले की कुठला जिना कुठल्या हॉटेलातला ते मला सांगता येत नाही. राजवाडे, आतषबाजी, पाण्यात धाडकन पडणाऱ्या होड्या हे सगळं पाहिलं, पण ते तुम्हाला कुणीही सांगेल. मी आपली माझ्या गोंधळाची हकीकत सांगते.

माझी मुलगी केतकी, जावई निखिल आणि सात वर्षांची नात इरा कॅरी नावाच्या गावात राहतात. नॉर्थ कॅरोलिनातलं हे गाव म्हणजे झाडी, आणि झाडीमागे आयटीवाल्यांची घरं. मी उन्हाळ्यात तिकडे गेले. आमच्या ह्यांनी गुडघ्याचं निमित्त करून विमानात बसायचं टाळलं, म्हणून एकटीच गेले. त्याच वेळी निखिलची आईही नागपूरहून तिथे आलेली होती. विहिणी विहिणींनी लग्नात आणि बारशाला भेटावं, एकमेकींना बळेबळे लाडू वाढावेत आणि आपापल्या घरी जावं, अशी आपली रीत. एका घरात महिनाभर, आणि वर सहलीत एका खोलीत, हे दोघींनाही नवीन होतं. मला वाटतं मुलांच्या हे लक्षातच आलं नाही.

विहीणबाईंचं नाव शैलाताई. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. मी पोस्टात खिडकीवर नोकरी केलेली, तेव्हा दोघींचं मीच बोलते. घरात 'आई' अशी हाक आली की आम्ही दोघी वळायचो आणि मग दोघीही 'तुम्हाला असेल' म्हणून परत कामाला लागायचो. इराने यावर तोडगा काढला. मी सांगली आजी आणि त्या नागपूर आजी.

त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले. निखिल तिकीट काढून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो त्याबद्दल बोलत नाही. पण रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की आईने लावलेलं दही भातावर घेतो आणि जेवताना एकदा तरी म्हणतो, "हे आमच्या घरचं विरजण आहे. आजीच्या वेळचं. बाबांना याच्याशिवाय जेवण जायचं नाही." शैलाताईंनी ते नागपूरहून दह्यात भिजवलेल्या रुमालात वाळवून आणलं, असं त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा त्या मान खाली घालून पोळ्या लाटत होत्या. घरात त्या दह्याला केवढा मान आहे ते मला तेव्हाच कळलं. म्हणूनच पुढचं सगळं मला इतकं लागलं.

लाकडी हॉटेल

ट्रिप केतकीने आखली होती. "आई, याला स्प्लिट स्टे म्हणतात. प्रत्येक हॉटेल हा एक वेगळा एक्स्पीरियन्स असतो. आणि सामानाचं टेन्शन नाही. सकाळी काउंटरवर द्यायचं, दिवसभर पार्कमध्ये फिरायचं, संध्याकाळी ते नव्या रूममध्ये आपल्याआधी पोचलेलं असतं."

मी म्हटलं, "अगं, पण एका ठिकाणी मन लागेपर्यंत तरी राहू दे."

"मन लागायला नाही, बघायला चाललोय आपण," ती म्हणाली.

पहिलं हॉटेल जंगलातल्या घरासारखं, सगळं ओंडक्यांचं. छताला एवढं लाकूड की आमच्या वखारीवाल्याला वेड लागलं असतं. मागे तळं, आणि तळ्याकाठी मगरी आणि साप यांच्यापासून सावध राहा अशी पाटी. त्या पाटीशेजारी लोक आरामखुर्च्या टाकून निवांत आइस्क्रीम खात होते. आपल्याकडे मगर आहे म्हटलं असतं तर निम्मं गाव बघायला आलं असतं आणि उरलेलं निम्मं भेळ विकायला.

आमच्या मनगटावर एकेक रबरी पट्टा चढवला. त्याने खोली उघडते, पार्कचं फाटक उघडतं, खाण्याचे पैसेही त्यातूनच जातात. माझा पिवळा, शैलाताईंचा जांभळा. खोलीत आम्ही दोघी, शेजारच्या खोलीत ते तिघे. केतकीने भाताचा छोटा कुकर, तांदूळ, मेतकूट आणि लोणचं आणलं होतं. शैलाताईंनी कॅरीहून गाडीत मांडीवर धरून आणला होता तो स्टीलचा झाकणाचा डबा. निघताना फ्रिज रिकामा करायचा म्हणून घरातलं सगळं दही त्या डब्यात काढलेलं. खोलीत छोटा फ्रिज होता, मायक्रोवेव्ह होता. झोपण्यापूर्वी त्यांनी कोमट दुधात विरजण लावलं, डब्याला टॉवेल गुंडाळला आणि आरशाखालच्या टेबलावर ठेवला.

सकाळी दूध होतं तसंच. त्या खोलीत एसी असा की मी शाल घेऊन वर रजई घेतली होती, बिचारं दही काय लागणार. शैलाताईंनी डबा फ्रिजमध्ये ठेवला, दिवसभर पार्कमध्ये माझ्याबरोबर फिरल्या, आणि रात्री तेच दूध पुन्हा कोमट करून टॉवेलात बांधून ठेवलं. आता सगळं विरजण त्या एका डब्यात होतं. त्या झोपल्यावर मला चैन पडेना. थंडीत मी घरी दही बंद ओव्हनमध्ये ठेवते, तिथे वारा लागत नाही. म्हणून उठले आणि डबा टॉवेलासकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवून दार लावून टाकलं. सकाळी सांगू म्हटलं.

सकाळी कसलं सांगते. हॉटेल बदलायचा दिवस. केतकी दारात उभी राहून "चला, चला, बस जाईल" करत होती. बॅगा काउंटरवर गेल्या. निघताना मी गाद्यांखाली वाकून पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, चार्जर पाहिला. शैलाताईंनी कपाट पाहिलं. मायक्रोवेव्ह कुणी उघडला नाही. टेबलावर डबा नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांना वाटलं मी बॅगेत घेतला. मला वाटलं, ज्यांचं दही त्यांनी शोधलं असेलच, नाहीतर विचारलं नसतं का. आणि त्यांनी विचारलं नाही, कारण विहिणीला कसं विचारायचं, तिला वाटेल हिचा आपल्यावर भरवसा नाही. आपल्या नात्यांत ही एक पंचाईत आहे. सख्ख्या बहिणी असतो तर एकमेकींवर ओरडलो असतो आणि डबा सापडला असता.

बेटाचं हॉटेल

दिवस मजेत गेला. इराने मला एका फिरत्या कपात बसवलं. उतरल्यावर मी एका खांबाला धरून उभी राहिले आणि त्याच खांबाजवळ उभ्या असलेल्या एका परक्या गृहस्थांना "अगं केतकी, पाणी दे" म्हणाले. त्यांनी मुकाट्याने आपली बाटली पुढे केली. अमेरिकेतली माणसं चांगली आहेत, फक्त पाण्यात बर्फ फार घालतात.

संध्याकाळी दुसऱ्या हॉटेलात गेलो. तिथे माडाची झाडं, वेताच्या खुर्च्या, खोलीवर शाकारलेल्या छपराचा देखावा. सामान खरंच आमच्याआधी आलेलं होतं. हातपाय धुवायला म्हणून मी उजवीकडचं दार उघडून आत शिरले तर ते कपाट निघालं. लाकडी हॉटेलात न्हाणीघर उजवीकडे होतं. इरा कॉटवर लोळून हसत होती. "सांगली आजी, दॅट्स द क्लॉझेट!"

भात झाला. सगळे आमच्या खोलीत जमिनीवर बसले. इरा म्हणाली, "वेअर इज द दही?"

मी शैलाताईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी दोघींनाही सगळं कळलं. निखिल ताट घेऊन वाट बघत होता.

शैलाताई शांतपणे म्हणाल्या, "आज राहू दे बेटा. तिकडचं दूध काही बरोबर नव्हतं, लागलंच नाही. उद्या देते न मी तुला."

"विरजण आहे ना पण?" निखिलने विचारलं.

"आहे न," त्या म्हणाल्या.

त्याने मेतकूट-भात खाल्ला आणि नेहमीपेक्षा लवकर उठला. ती मंडळी त्यांच्या खोलीत गेल्यावर मी शैलाताईंना मायक्रोवेव्हचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही चांगल्यासाठीच केलं." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला दिसत होता तो निखिल, बापाचं शेवटचं दर्शनही न मिळालेला, आणि त्याला मिळालेली ती एक गोष्ट मी एका बंद मायक्रोवेव्हमध्ये सोडून आले होते.

परत, पण कुठे

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी पाय दुखताहेत असं सांगितलं. केतकीने चार वेळा बजावलं, "कुठे जाऊ नका, स्विमिंग पूलजवळ बसा, फोन चालू ठेवा," आणि ते तिघे पार्कला गेले. त्यांची बस दिसेनाशी झाल्यावर आम्ही स्टॉपवर गेलो.

तिथल्या बसचा हिशेब मला अजून उमगलेला नाही. हॉटेलातून पार्कला बस जाते, पार्कमधून हॉटेलला जाते, पण हॉटेलातून हॉटेलला जात नाही. म्हणजे शेजारच्या आळीत जायला आधी स्टँडवर जायचं. पार्कच्या दारात उतरलो तर रांगेने बसथांबे, आणि हॉटेलांची नावं सगळी सारखीच वाटणारी. केतकी पहिल्या हॉटेलला सारखं 'लॉज' म्हणायची. एका पाटीवर लॉज दिसलं, आम्ही चढलो.

उतरलो तर तेच ओंडके, तेच उंच छत, तसाच लाकडाचा वास. मला हुरूप आला. "हे आलं बघा," मी म्हटलं. लिफ्टने वर गेलो, आमच्या नंबरच्या दारासमोर उभ्या राहिलो. माझा पट्टा लावला, लाल दिवा. शैलाताईंचा लावला, लाल दिवा. "बाहेर पडलो न आपण यातून, म्हणून उघडत नसेल," त्या म्हणाल्या, आणि मी दार ठोठावलं. आतून अर्ध्या चड्डीतले एक धिप्पाड आजोबा डोळे चोळत बाहेर आले. मी माझ्या पोस्टाच्या इंग्रजीत सांगितलं की आमचा एक डबा तुमच्या मायक्रोवेव्हमध्ये आहे. ते आत गेले, बराच वेळ शोधत राहिले, आणि परत येऊन फार वाईट वाटल्यासारखं म्हणाले की त्यांच्या खोलीत मायक्रोवेव्हच नाही.

तेव्हा शैलाताईंनी खाली पाहिलं. "ताई, इथला गालिचा हिरवा आहे. आपला लाल होता."

खाली काउंटरवरच्या मुलीने पट्टे कशाला तरी लावून पाहिले आणि गोड हसून सांगितलं की आम्ही या हॉटेलात कधीच राहिलेलो नाही. असं लॉज इथे आणखी एक आहे. जन्मभर मी लोकांची पत्रं योग्य पत्त्यावर धाडली, आणि इथे मीच चुकीच्या पत्त्यावर जाऊन पडले. त्या मुलीला आमची दया आली असावी. तिने फोन करून गाडी मागवली आणि ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा समजावलं.

खऱ्या लाकडी हॉटेलात पोचलो तेव्हा आमच्या खोलीत दुसरं कुटुंब राहायला आलेलं होतं. काउंटरवरच्या माणसाने आत चौकशी केली. राहिलेलं खाणं ते ठेवत नाहीत, नियम आहे. पण वस्तू ठेवतात. त्याने एक कागदी पिशवी आणून दिली. पिशवीत टॉवेल नव्हता, तो हॉटेलचाच होता. होता तो डबा. कुणीतरी स्वच्छ घासून, पुसून, झाकण लावून ठेवलेला. मी झाकण काढून आत पाहिलं. कोपऱ्यात जरा तरी चिकटलं असेल अशी वेडी आशा होती. कुठे काही नव्हतं.

बाहेर तळ्याकाठी, त्या मगरीच्या पाटीजवळ, आम्ही बाकावर बसलो. मला रडू आवरेना. मी म्हटलं, "शैलाताई, मी निखिलला काय सांगू? तुमच्या सासूबाईंपासूनचं ते."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही रडून राहिल्या का? अहो, नका रडू." मग त्यांनी डबा माझ्या हातातून आपल्याकडे घेतला. "ते आमचं नव्हतंच, ताई. कॅरीच्या दुकानातून आणलेल्या दह्याचं विरजण होतं ते."

मला आधी कळलंच नाही. मग त्या बोलल्या, त्या महिनाभरात बोलल्या नसतील एवढं एका दमात बोलल्या.

"निखिलचे बाबा दवाखान्यात होते न, तेव्हा मी घरी जातच नव्हती. तिथेच बाकावर झोपायची. सगळं झाल्यावर घरी आली, स्वयंपाकघरात गेली, तर भांड्यात बुरशी. इतकी वर्षं एक दिवस खंड नव्हता पडला. मी ते भांडं फेकून दिलं. नंतर लावलंच नाही. एकटीसाठी कोण लावतं दही? इथे आली तर पहिल्याच दिवशी निखिल म्हणाला, आई, विरजण आणलं का? त्याचा चेहरा पाहून मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी केतकीबरोबर दुकानात गेली तेव्हा एक डबी घेऊन आली. तिलाही नाही सांगितलं."

मी डोळे पुसले. मला हसावं की रडावं कळेना, आणि खरं सांगायचं तर दोन्ही झालं. आदल्या रात्रीपासून मी ज्या गोष्टीसाठी जीव टाकत होते ती गोष्ट वर्षभरापूर्वीच गेली होती, आणि या बाईने ते दुःख एकटीने पोळ्या लाटत गिळलं होतं. मी त्यांचा हात धरला. विहिणीचा हात असा मी पहिल्यांदाच धरला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय," त्या म्हणाल्या. "दुकान कुठे आहे पाहू."

हॉटेलच्या दुकानात साधं दही मिळायला वेळ लागला. स्ट्रॉबेरीचं होतं, पीचचं होतं, मधाचं होतं, कुकीचा चुरा घातलेलं होतं. सगळ्यात मागे एक बिनसाखरेची डबी सापडली. दूध घेतलं. काउंटरवरच्या त्या माणसाने मागवून दिलेल्या गाडीने बेटाच्या हॉटेलात परत आलो. या वेळी मी एसीच्या नादी लागले नाही. दूध कोमट केलं, शैलाताईंनी विरजण घोळलं, डबा माझ्या शालीत बांधला आणि बाहेर बाल्कनीत ठेवला. फ्लोरिडाचं ऊन काय कामाचं ते मला तेव्हा कळलं. दुपारभर आम्ही दोघी बाल्कनीत डब्याची राखण करत बसलो आणि त्यांनी मला त्यांच्या यजमानांच्या गोष्टी सांगितल्या. माणूस मोठा हट्टी होता, पण आंबा कापला की कोय बायकोला द्यायचा.

संध्याकाळी सगळे परतले. केतकीने विचारलं, "पूल कसा होता?" आम्ही म्हटलं, छान होता. भात झाला, डबा उघडला. सुरी लावून कापावं असं दही लागलं होतं. निखिलने पहिला घास घेतला आणि थांबला.

"आई," तो म्हणाला, "आज एकदम घरच्यासारखं लागलंय. बाबा असते तर वाटी चाटली असती." आणि मग तो एकदम रडायला लागला, लहान मुलासारखा, ताटावर वाकून. केतकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. इरा घाबरून म्हणाली, "बाबा, इज इट टू आंबट?" शैलाताई उठल्या, त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. वर्षभरात तो रडला नव्हता, असं केतकीने मला नंतर सांगितलं. शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तिसरं हॉटेल

तिसरं हॉटेल कसं होतं म्हणाल तर मला फारसं आठवत नाही. उंच होतं आणि न्हाणीघर समोर होतं. पण तिकडे जाताना सामान हॉटेलवाल्यांनी नेलं आणि दही आम्ही नेलं. पार्कच्या फाटकावर तपासणीला उभ्या असलेल्या बाईने डबा उघडायला लावला, वास घेतला आणि विचारलं हे काय आहे. "होममेड योगर्ट," मी म्हटलं. "आणि हे तुम्ही राइड्सवर घेऊन जाणार?" तिने विचारलं. मी सांगितलं, नाही, एकीने राइड घ्यायची आणि दुसरीने डबा धरायचा. तसंच केलं. शैलाताई त्या फिरत्या कपात बसल्या, उतरल्यावर त्याच खांबाला धरून उभ्या राहिल्या, आणि मी बाकावर डबा मांडीवर घेऊन त्यांना हसत होते.

कॅरीहून निघताना त्यांनी माझा एक सुती रुमाल मागून घेतला, दह्यात बुडवला, उन्हात वाळवला आणि माझ्या पर्समध्ये ठेवला. त्या स्वतः दिवाळीनंतर नागपूरला परतणार आहेत.

सांगलीला आल्यावर रुमालाचा तुकडा दुधात टाकला. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा लागलं. ह्यांनी चाखलं आणि म्हणाले, "आंबट आहे." मग रोज खाऊ लागले. परवा मी त्यांना म्हटलं, दिवाळी झाली की मी नागपूरला जाऊन येते. ते म्हणाले, "विहिणीकडे? कार्य काय आहे?"

"विरजण द्यायचंय."

"मग पोस्टाने पाठव की. तुझंच खातं आहे."

"दही पोस्टाने जात नाही," मी म्हटलं. "आणि गेलं असतं तरी लावलं नसतं त्यांनी. एकटीसाठी कोण लावतं?"

तिकीट काढलंय. डबा मांडीवर घेऊन जाणार आहे.